दोरा की पाण्याची धार?

शेंद्रा एमआयडीसीजवळ राहणाऱ्या एका भगिनीचे पत्र आमच्यासमोर आहे. पती एका कंपनीत पाळ्यांमध्ये काम करतात आणि गुटख्याची पुडी खिशात असतेच. सासूबाईंना अनेक वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांच्या हिरड्यांतून रक्त येते, वजू करताना चूळ लाल दिसते आणि मग त्या एकाच नमाजसाठी दोन-तीनदा वजू करतात. मुलगी आठवीत आहे, तिच्या दातांना तारा लावलेल्या आहेत. अशात मोबाईलवर जाहिरात दिसली: पाण्याच्या धारेने दातांच्या फटी धुणारे यंत्र, किंमत अडीच हजार. डॉक्टरांनी मात्र मुलीला दोरा, म्हणजे फ्लॉस, वापरायला सांगितले होते आणि तो शे-दीडशे रुपयांत मिळतो. भगिनी विचारतात, “पैसे एकदाच घालता येतील. यंत्र घ्यावे की दोरा? आणि घ्यायचे तर कोणासाठी?”

असे प्रश्न आता बऱ्याच घरांतून येऊ लागले आहेत. जालना रोडने शहरातून निघून चिकलठाणा, विमानतळ मागे टाकत शेंद्र्याकडे गेले की स्कोडाचा कारखाना, ऑरिकचे रुंद रस्ते आणि त्यांच्या आसपास कुंभेफळ, करमाडपर्यंत पसरलेल्या भाड्याच्या खोल्या दिसतात. महिन्याचा पगार मोजून खर्च करणारी ही घरे आहेत. तिथे अडीच हजार रुपये म्हणजे मुलीच्या शिकवणीचे दोन महिने. म्हणून आम्ही हा विषय जरा सविस्तर घेतो आहोत.

आधी एक साधी गोष्ट. दाताला पाच बाजू असतात: पुढची, मागची, चावण्याची आणि शेजारच्या दातांना लागून असलेल्या दोन. ब्रश कितीही महाग घ्या, तो पहिल्या तीन बाजूच नीट घासतो. शेजारच्या दोन बाजूंपर्यंत त्याचे केस पोहोचत नाहीत. हिरड्यांचा आजार बहुधा तिथूनच सुरू होतो आणि दोन दातांच्या मधली कीडही तिथलीच असते.

मिस्वाकबद्दलही हेच म्हणावे लागेल, आणि हे म्हणताना आमच्या मनात मिस्वाकविषयी जराही अनादर नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांना मिस्वाक किती प्रिय होता, उम्मतला जड जाईल ही काळजी नसती तर प्रत्येक नमाजबरोबर त्याचा हुकूम दिला असता असे त्यांनी कसे सांगितले, हे आपल्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. पीलूच्या झाडाची ती काडी चावून मऊ केली की तिचे तंतू दातांच्या उघड्या बाजू छान घासतात. शहागंजात मशिदीबाहेर पाच-दहा मिनिटे उभे राहिले तर किती लोक ती विकत घेतात ते दिसते. पण ती काडी दोन दातांच्या मधे शिरत नाही. त्या जागेसाठी आपल्याकडे वेगळा शब्द आधीपासून आहे: खिलाल. जेवणानंतर दातांत अडकलेले काढून टाकणे हे आपल्या घरांत जुनेच आहे. खिलालसाठी काय वापरायचे एवढाच प्रश्न आहे. आजही नान-खलिया किंवा बकरी ईदच्या मटणानंतर दस्तरखानावरून उठताना लोक आगपेटीची काडी, सेफ्टी पिन, उदबत्तीची काडी असे जे हाताला लागेल ते दातांत घालतात. पिनेने हिरडी फाटते, काडीचे टोक तुटून आत राहते आणि तिथे पू होतो. दोरा हवा की यंत्र हे ठरवण्याआधी पिनेचा खिलाल सोडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता अडकलेला मटणाचा धागा हा खरा शत्रू नव्हेच. तो टोचतो म्हणून लक्षात येतो. खरा त्रास देतो तो दातावर बसणारा पांढुरका, चिकट थर, जो दिसतही नाही आणि टोचतही नाही. जंतू एकमेकांना चिकटून, स्वतःभोवती बुळबुळीत आवरण तयार करून तो थर बनवतात. वजूखान्याचा हौद ज्यांनी धुतला आहे त्यांना हे लगेच कळेल. हौदाच्या भिंतीवर शेवाळ धरते तेव्हा वरून बादल्या ओतून ते निघत नाही. सुटा कचरा वाहून जातो, पण भिंत बुळबुळीतच राहते. तिथे हाताने घासावेच लागते.

दोरा आणि पाण्याची धार यांतला फरक इथेच आहे. दोरा घासतो, धार धुते.

दोऱ्याचा इतिहास फारसा लांबचा नाही. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातील लेवी स्पिअर पार्मली या दंतवैद्याने १८१५ च्या सुमारास आपल्या रुग्णांना मेण लावलेला रेशमाचा धागा दातांमधून फिरवायला सांगायला सुरुवात केली. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेशीम मिळेनासे झाले आणि नायलॉनचा धागा आला. पाण्याच्या धारेचे यंत्र त्यानंतरचे. १९६२ मध्ये कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स गावात जेराल्ड मॉयर हा दंतवैद्य आणि जॉन मॅटिंगली हा अभियंता यांनी ते तयार केले. आत एक छोटा पंप असतो. तो पाणी सलग सोडत नाही, तर क्षणाक्षणाला थांबवत धक्के देत सोडतो. त्या धक्क्यामुळे हिरडीच्या कडेखाली साचलेले हलते आणि बाहेर येते.

पाण्याच्या जोराची ताकद आपल्याला नवी नाही. शहरातल्या पाणचक्कीत डोंगराकडून मातीच्या नळांतून आणलेले पाणी उंचावरून पाडून जाते फिरवले जाई आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहमधल्या लोकांसाठी पीठ दळले जाई. पण त्याच पाण्याच्या हौदाची भिंत घासायला माणूसच लागत असणार.

एक शंका आमच्याकडे वारंवार येते म्हणून इथेच उरकून टाकतो. दोरा हलाल आहे का? आपल्या आजोबांच्या पिढीत ब्रशविषयी अशीच शंका होती आणि ती उगीच नव्हती, कारण त्या काळी ब्रशचे केस डुकराचे असत. १९३८ मध्ये नायलॉनचे ब्रश बाजारात आले आणि तो प्रश्न बहुतांशी मिटला. आजचा फ्लॉस नायलॉनचा किंवा तव्यावर असते तशा टेफ्लॉनच्या जातीच्या पदार्थाचा असतो. त्यावरचे मेण मधमाशीचे, वनस्पतीचे किंवा खनिज तेलापासून केलेले असते. ज्यांना खात्री हवी त्यांनी डबीवरचा मजकूर वाचावा किंवा मेण नसलेला दोरा घ्यावा.

मग चांगले कोणते? जाहिरातींत यंत्र दोऱ्यापेक्षा कितीतरी पट चांगले असल्याचे आकडे असतात. त्यातल्या अनेक चाचण्यांचा खर्च यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांनीच केलेला असतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. आकडा त्यामुळे खोटा ठरत नाही, पण तो चिमूटभर मीठ घालूनच चाखावा. दुसरीकडे दोऱ्याची बाजूही वाटते तितकी भक्कम नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने बातमी दिली की फ्लॉसच्या फायद्याचा पुरावा कच्चा आहे, आणि तिकडच्या सरकारी आहारविषयक सूचनांमधून फ्लॉसचा उल्लेखही गळला होता. मोठाच गदारोळ झाला. मग २०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेने, जी जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासते, ३५ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यांत ३,९२९ लोक होते. निष्कर्ष थोडक्यात असा: नुसत्या ब्रशपेक्षा ब्रश आणि दोरा मिळून हिरड्यांची सूज कमी होऊ शकते. फटीत घालायचा बारीक ब्रश दोऱ्याहूनही उजवा असू शकतो. पाण्याच्या धारेने सुरुवातीच्या महिन्यात सूज थोडी कमी दिसते, पण चिकट थर कमी झाल्याचा पुरावा मिळत नाही. आणि हे सगळेच पुरावे फार पक्के नाहीत, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. बहुतेक चाचण्या थोड्याच आठवड्यांच्या होत्या आणि हिरडीचा आजार तर वर्षानुवर्षे चालतो.

या आढाव्यातला तिसरा पर्याय, म्हणजे फटीत घालायचा बारीक ब्रश, आपल्या भगिनींच्या पत्रात नाही. जाहिरातीतही नसतो. लांबून तो बाटली धुण्याच्या ब्रशचे पिल्लू वाटतो: मधे पातळ तार, भोवती केस. वय वाढले, हिरड्या खाली सरकल्या आणि दातांच्या मधे काळे त्रिकोण दिसू लागले की दोरा तिथे सैल पडतो आणि हा ब्रश बरोबर बसतो. युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांनी तर फट पुरेशी असेल तर याच ब्रशला पहिली पसंती दिली आहे. तो वेगवेगळ्या जाडीत येतो. कोणत्या फटीला कोणती जाडी हे एकदा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे आणि तो जबरदस्तीने घुसवू नये. दात एकमेकांना घट्ट चिकटलेले असतील, तरुण माणसांचे बहुधा असतात, तर मात्र दोराच.

आता घरातल्या माणसांकडे येऊ.

मुलीच्या दातांना तारा आहेत. तार दातांवरून आडवी जात असल्याने साधा दोरा वरून घालता येत नाही. तो तारेखालून सुईसारख्या प्लास्टिकच्या ओवणीने ओढावा लागतो, आणि प्रत्येक फटीसाठी तेच पुन्हा. मोठ्या माणसाला त्यात दहा-पंधरा मिनिटे सहज जातात. आठवीतली मुलगी रोज रात्री हे करील असे आम्हाला वाटत नाही. पहिला आठवडा करील, मग परीक्षा येईल. पाण्याच्या धारेची जागा खरोखर जिथे आहे ती हीच: तारा, ब्रिज, इम्प्लांट, किंवा ज्यांची बोटे संधिवाताने आखडली आहेत, पक्षाघाताने एक हात गेला आहे अशी माणसे. दोऱ्याने केलेली पूर्ण सफाई चांगली, पण न केलेल्या दोऱ्यापेक्षा केलेली धार नक्कीच चांगली. तारा असेपर्यंत ब्रश नीट लावणे आणि धार मारणे एवढे तिच्याकडून झाले तरी तारा निघतील तेव्हा दातांवर पांढरे डाग उरण्याची शक्यता कमी होईल. शक्य असेल तेव्हा, निदान सुटीच्या दिवशी, ओवणीने दोराही फिरवावा.

सासूबाईंचा प्रश्न जास्त गंभीर आहे, आणि पत्रात तो एका ओळीत आला आहे. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना खतपाणी घालतात. रक्तातली साखर जास्त राहिली की हिरड्यांची सूज वाढते, आणि हिरड्यांत सूज राहिली की साखर आटोक्यात येणे अवघड होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या अभ्यासाने देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला. आपल्या मोहल्ल्यातले किती जण त्यात असतील ते वाचकांनी स्वतःच मोजावे. २०२२ च्या कॉक्रेनच्या आढाव्यात असे दिसले की मधुमेह्यांच्या हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी हा साखरेचा सरासरी आकडा सुमारे ०.४३ टक्क्याने खाली येतो. ऐकायला लहान वाटतो, पण कधी कधी डॉक्टर नवी गोळी सुरू करतात ती एवढ्याच फरकासाठी.

मात्र इथे उपचार म्हणजे यंत्र नव्हे आणि दोराही नव्हे. चिकट थर बरेच दिवस राहिला की थुंकीतल्या क्षारांनी तो दगडासारखा घट्ट होतो, त्याला आपण कीटण म्हणतो. कीटण घरच्या कोणत्याही साधनाने निघत नाही. ते डॉक्टरांकडेच काढावे लागते. आणि इथे आपल्या बायका अडतात. “दात साफ करून घेतले की दात हलायला लागतात,” हे वाक्य आम्ही किती घरांत ऐकले याची गणती नाही. खरी गोष्ट उलटी आहे. हिरडी आणि हाड आधीच खाली गेलेले असते, कीटणाने दात जखडून धरलेले असतात, ते काढले की मोकळी जागा जिभेला जाणवते. कीटण काढल्याने हाड जात नाही. ते तसेच राहू दिल्याने जाते. म्हणून सासूबाईंसाठी क्रम असा: आधी दंतवैद्याकडे हिरड्या तपासून सफाई, मग घरी बारीक ब्रश. बोटे आखडत असतील तर त्यांच्यासाठीही धार. हृदयात कृत्रिम झडप असेल किंवा हृदयाच्या आतल्या अस्तराचा संसर्ग पूर्वी झालेला असेल त्यांनी मात्र आपल्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काही सुरू करू नये.

वजूची गोष्ट राहिली. हिरडीतून रक्त आले तर वजू तुटतो का? हनफी फिकहनुसार थुंकीत रक्ताचा जोर असेल किंवा दोन्ही बरोबरीचे असून थुंकी लालसर दिसत असेल तर वजू जातो. थुंकीच जास्त असून रंग नुसता पिवळट असेल तर जात नाही. शाफई फिकहनुसार तोंडातून आलेल्या रक्ताने वजू तुटत नाही. आपल्या कोकणातल्या बहुतेक घरांत हाच मसलक आहे. मराठवाड्यात बहुतेक हनफी आहेत, त्यामुळे सासूबाईंची काळजी रास्त आहे. प्रत्यक्ष मसला आपल्या मशिदीच्या इमामांना विचारावा. पण आमचे म्हणणे एवढेच की पुन्हा पुन्हा वजू करणे हा रक्त येण्यावरचा इलाज नव्हे. रोज चूळ लाल होत असेल तर ती हिरडी आजारी आहे. निरोगी हिरडीतून ब्रशने वा दोऱ्याने रक्त येत नाही.

याच्या उलट एक भीतीही असते. दोरा सुरू केला, पहिल्या दिवशी रक्त आले, म्हणून सोडून दिला. सुजलेल्या हिरडीला पहिले काही दिवस रक्त येतेच. हलक्या हाताने रोज केले तर आठ-दहा दिवसांत ते थांबायला हवे. दोन आठवड्यांनंतरही येत राहिले तर डॉक्टर. तोवर दोरा किंवा धार नमाजच्या आधी लगेच न करता इशानंतर, झोपण्यापूर्वी निवांत करावी. वजूची घालमेल त्याने आपोआप कमी होते, आणि दातांसाठीही रात्रीचीच वेळ उत्तम.

दोरा वापरण्याची रीत कोणी नीट दाखवत नाही म्हणून लिहितो. साधारण ४५ सेंटिमीटर, म्हणजे बोटांपासून कोपरापर्यंत एक हात, दोरा तोडावा. दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळून मधे दोन-तीन बोटांएवढाच ताणलेला ठेवावा. दातांच्या मधे करवतीसारखा हळूहळू मागेपुढे करत उतरवावा. झटका दिला तर तो थेट हिरडीत बसतो. आत गेल्यावर एका दाताला कमान करून बिलगवावा, हिरडीच्या कडेखाली किंचित सरकवून दोन-तीनदा वर-खाली घासावा. मग त्याच फटीत दुसऱ्या दाताला बिलगवून तेच. बहुतेक लोक दोरा नुसता वर-खाली करून बाहेर काढतात. त्याने मटण निघते, थर निघत नाही. पुढच्या फटीसाठी दोऱ्याचा नवा भाग घ्यावा. लहान मुलांचे दोन दात एकमेकांना टेकायला लागले की आईने त्यांना दोरा फिरवायला हरकत नाही.

यंत्राची रीत सोपी आहे, पण पहिल्या दिवशी आरसा, भिंत आणि ओढणी ओली होणार हे धरून चालावे. टाकीत कोमट पाणी भरावे, जोर सर्वांत कमी ठेवावा, बेसिनवर वाकावे, नळी आधी तोंडात घालून ओठ अलगद मिटावे आणि मगच बटण दाबावे. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून आपोआप बेसिनमध्ये पडू द्यावे. मागच्या दाढेपासून सुरुवात करून हिरडीच्या कडेकडेने, प्रत्येक फटीपाशी क्षणभर थांबत पुढे यावे. धार जिभेखाली किंवा घशाकडे मारू नये. घरात यंत्र एक चालेल, पण टोकाची नळी प्रत्येकाची वेगळी हवी. बऱ्याच यंत्रांबरोबर रंगीत कड्यांच्या दोन-तीन नळ्या त्यासाठीच येतात.

पाण्याचे काय, असे कोणी विचारले तर तो विचार आपल्या भागात अगदी रास्त आहे. शहरात जायकवाडीचे पाणी असूनही नळाला ते रोज येत नाही. आठवड्याने, काही वसाहतींत त्याहूनही उशिराने येते, आणि कडेच्या वस्त्या बोअर आणि टँकरवर जगतात. वजूच्या पाण्यातही इसराफ नको ही आपली शिकवण आहे. हिशेब करू. हातात धरायच्या यंत्राची टाकी साधारण १५० ते ३०० मिलिलिटरची असते. मोठी धरली तरी तीन माणसांचे दिवसाला एक लिटरसुद्धा होत नाही. नळाला पाणी येईपर्यंतच्या दहा दिवसांत नऊ लिटर, म्हणजे एक हंडासुद्धा नाही. ब्रश करताना सोडून ठेवलेला नळ त्याहून कितीतरी जास्त सांडतो. काळजी पाण्याच्या मापाची नको, जातीची हवी. दहा दिवस टाकीत साठलेले पाणी जोराने हिरडीखाली मारणे बरे नाही. पिण्याचे, गाळलेले किंवा उकळून कोमट केलेलेच वापरावे. बोअरचे जड पाणी असेल तर नळीच्या तोंडाशी क्षार धरतात आणि धार वाकडी होते. उरलेले पाणी ओतून टाकी रोज उघडी वाळवावी, नाहीतर हौदाचे शेवाळ टाकीतच धरायचे.

पैशांचा हिशेबही तसाच करू. ५० मीटरची दोऱ्याची डबी एका माणसाला साधारण ११० रात्री पुरते. दीडशे रुपये धरले तर रात्रीला दीड रुपयाच्या आत. यंत्राचे अडीच हजार, वर काही महिन्यांनी नळ्या बदलणे, आणि दोन-चार वर्षांत बॅटरी बसली की ते बहुधा टाकूनच द्यावे लागते. म्हणून तारा, ब्रिज किंवा हाताची अडचण नसलेल्या घराने यंत्र घेण्याची काही गरज आम्हाला दिसत नाही. या घरात तारा आहेत, बहुधा आणखी वर्ष-दीड वर्ष राहतील, आणि सासूबाईही आहेत. आमचे मत विचाराल तर आधी सासूबाईंची सफाई, मग पैसे उरले तर साधे, कमी जोराची सोय असलेले यंत्र, मुलगी आणि सासूबाई दोघींसाठी. दहा प्रकारचे जोर असलेले महागडे घेऊ नये. दोऱ्याची डबी मात्र घरात असावीच.

रमजानमध्ये यंत्र रोज्याच्या वेळेत वापरू नये. रोजा असताना नाकात पाणी जोराने ओढायलाही मनाई आहे, कारण ते घशाखाली उतरण्याची भीती असते. मग पंपाने मारलेल्या धारेची काय कथा. इफ्तारनंतर आणि सहेरी संपवून फजरच्या अजानपूर्वी ते वापरावे. कोरडा दोरा दिवसा वापरला आणि काही गिळले नाही तर रोज्याला बाध येत नाही. पण त्यातही सहेरीनंतरच केलेले उत्तम. हनफी फिकहमध्ये दातांत अडकलेले हरभऱ्याएवढे किंवा त्याहून मोठे अन्न रोज्यात गिळले तर रोजा तुटतो, म्हणून सहेरीनंतरचा खिलाल तसाही कामाचा आहे. शिवाय खजूर. खजुराचा गर दातांच्या मधे दिवसभर राहिला आणि तोंड कोरडे असले की किडीला याहून चांगली संधी मिळत नाही.

पतींविषयी पत्रात जास्त काही नाही, आणि भगिनींना त्यांच्यासाठी काही घ्यायचेही नाही. तरीही लिहिणे भाग आहे. तंबाखूतल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे हिरडी आजारी असूनही रक्त कमी येते आणि माणूस म्हणतो, माझे दात ठणठणीत आहेत. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी मिळते हे सर्वांना माहीत आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे दिसले. त्यात मिश्रीने दात घासणाऱ्या आपल्या वयस्क बायकाही आहेत. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून कायद्याने मनाई आहे, पण घरी भाजलेल्या मिश्रीला कोण अडवणार?

गुटख्यातल्या सुपारीने गालांच्या आतली कातडी आखडत जाते आणि तोंड उघडणे कमी होते. तोंड पूर्ण उघडून आपलीच तीन बोटे, एकावर एक उभी, दातांच्या मधे जातात का ते पाहावे. जात नसतील, तिखट खाताना आग होत असेल, गालात पांढरा चट्टा किंवा तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर दोरा की धार हा प्रश्न त्या माणसासाठी नाही. त्याला त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे नेले पाहिजे, कारण यातल्या काहींचे पुढे कर्करोगात रूपांतर होते. पुडी सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. पाळी सुटल्यावर बायकोसमोर फोन करायला संकोच वाटत असेल तर कंपनीच्या बसमधून करावा.

खासगी दवाखान्यात हिरड्यांची सफाई हजाराच्या घरात जाते, अनेकदा पुढे. शहरात घाटी परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आणि रुग्णालय आहे, तिथे हेच काम अल्प शुल्कात होते. पुण्याकडच्या वाचकांसाठी आझम कॅम्पसमधले एम. ए. रंगूनवाला दंत महाविद्यालय आहे. शेंद्र्याहून घाटीला जायचे तर सकाळी लवकर निघावे, सासूबाईंची मधुमेहाची गोळी आणि न्याहारी चुकवू नये, साखरेचे ताजे रिपोर्ट आणि चालू औषधांची चिठ्ठी बरोबर घ्यावी. केसपेपर काढून हिरड्यांचा विभाग, म्हणजे पेरिओडोंटिक्स, कुठे आहे ते विचारावे. सफाई एका फेरीत होत नाही, तीन-चार वेळा बोलावतात. पतींची सुटी ज्या दिवशी असेल तोच दिवस धरला तर त्यांच्याही नावाचा केसपेपर त्याच खिडकीवर निघतो.